अलाबामाच्या काळ्या पट्ट्यातली जुनी प्लँटर घराणी: सुरुवात नावापासून करायची की जमिनीपासून?

बांधावरचा (प्रश्न)

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या काळ्या मातीच्या पट्ट्यातल्या (‘ब्लॅक बेल्ट’) हेल काउंटीचा दक्षिण भाग, म्हणजे ग्रीन्सबरोपासून खाली प्रेअरीव्हिल-गॅलियनपर्यंतचा टापू. याला जुन्या कागदांत ‘केनब्रेक’ म्हणतात, कारण वसाहतीआधी इथे बांबूच्या जातीच्या केन गवताची रानं होती. इथे १८१७ ते १८६० या काळात आलेल्या पाच प्लँटर (गुलामांच्या श्रमावर कापसाचे मळे चालवणाऱ्या) घराण्यांचा इतिहास एका स्थानिक पुस्तिकेसाठी लिहायचा आहे. आपल्याकडच्या कुलवृत्तांताची पद्धत ठाऊक आहे: मूळ पुरुष, शाखा, पिढीवार नोंदी. पण इथली दप्तरं वेगळी आहेत आणि पुढच्या पाच ठिकाणी गाडं अडलंय.

१. काउंटीच्या कार्यालयात १८६७ पूर्वीचं काहीच मिळत नाही. ‘जुनं सगळं जळालं’ असं सांगतात.
२. एका घराण्यात ‘आमचे लोक १८१९ ला आले’ अशी समजूत. जमिनीची सनद मात्र १८२५ ची. खरं काय?
३. एकाच नावाचे तीन पुरुष: एक सीनियर, एक ज्युनियर, एक नुसताच.
४. दोन मालक १८५० च्या जनगणनेत इथे सापडतच नाहीत, पण त्याच वर्षीच्या गुलामांच्या यादीत त्यांच्या नावावर माणसं आहेत.
५. त्या यादीत गुलामांची नावं नाहीत. ती कुठे मिळतील? त्यांची घराणी वगळून पुस्तिका काढायची नाही.

पाचही घराणी व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनातून आलेली आहेत.

---

चतुःसीमा

क्रमाने नाही, पण पहिल्या दोन मुद्द्यांवर सविस्तर लिहितो. बाकीचं इतर लिहितीलच.

हेल काउंटी मुळात १८६७ ची. ग्रीन, मरेंगो, पेरी आणि टस्कालूसा या चार काउंट्यांचे तुकडे जोडून ती केली. तालुक्याचं विभाजन झालं की जुने फेरफार मूळ तालुक्याच्या कचेरीतच राहतात, तसंच इथे. ग्रीन्सबरो १८६७ पर्यंत ग्रीन काउंटीत होतं, म्हणून त्याच्या आसपासच्या घराण्यांची खरेदीखतं आणि मृत्युपत्रं ग्रीनचं मुख्य ठिकाण युटॉ इथे शोधायची. १८३८ पर्यंत ते मुख्य ठिकाण ईरी नावाच्या गावी होतं. तेव्हा जुन्या कागदावर ‘ईरी’ दिसलं तर ग्रीनचाच कागद समजा. तुमच्या टापूचा नैर्ऋत्य कोपरा मरेंगोचा असू शकतो, पूर्वेची कड पेरीची. प्रत्येक घराण्याची जमीन आधी नकाशावर ठेवा आणि मग ठरवा कुठल्या काउंटीत जायचं ते. गावाच्या नावावरून ठरवायला गेलात तर हमखास चुकाल.

‘जळालं’ हे उत्तर कधीही तसंच घेऊ नका. कोणती इमारत जळाली आणि तिच्यात कोणतं दप्तर होतं, हे विचारा. युटॉचं न्यायालय मार्च १८६८ मध्ये जळालं, ही गोष्ट खरी. पण प्रोबेटची (मृत्युपत्रं आणि इस्टेटीची वाटणी बघणारी) कचेरी शेजारच्या वेगळ्या इमारतीत होती, १८५६ ची, आणि ती आजही उभी आहे. म्हणजे दाव्यांचे कागद गेले म्हणून मृत्युपत्रंही गेली असं होत नाही. उलटा प्रकार नॉर्थ कॅरोलिनाच्या लेनोर काउंटीचा. तिथे १८८० च्या आगीत दप्तराचं फार नुकसान झालं, आणि नेमकी तिथूनच क्रूम आणि व्हिटफील्ड ही दोन प्लँटर घराणी या भागात आली. अशा घराण्यांचा मागचा धागा बहुतेक वेळा अलाबामाच्याच कागदांतून मागे न्यावा लागतो.

आता जमीन. व्हर्जिनिया-कॅरोलिनात जमीन चतुःसीमेने मोजलेली असते: अमुक ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून इतके पोल (लांबीचं जुनं माप) पूर्वेला, तिथून अमक्याच्या बांधापर्यंत. अलाबामात तसं नाही. इथे केंद्र सरकारने आधी चौकटी आखल्या आणि मग विकल्या. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन बैल नांगर फिरवतो तसे जात-येत आग्नेय कोपऱ्यात ३६ वर संपतात.

कागदावरचं वर्णन पाठीमागून पुढे वाचायचं. नमुना: ‘पश्चिम अर्धा, आग्नेय पाव, सेक्शन १४, टाउनशिप २० उत्तर, रेंज ५ पूर्व, सेंट स्टीफन्स मेरिडियन’. मेरिडियन म्हणजे मोजणीची उत्तर-दक्षिण मूळरेषा. या मेरिडियनची आधाररेषा ३१ वा अक्षांश. तिथून उत्तरेला विसावी ओळ, म्हणजे आधाररेषेपासून ११४ ते १२० मैल. ती सापडली की रेंज ५, म्हणजे मेरिडियनपासून पूर्वेला पाचवा उभा पट्टा, मग सेक्शन १४, त्याचा आग्नेय कोपरा १६० एकर, त्यातला पश्चिमेकडचा अर्धा ८० एकर. पाव हिश्श्याचा अर्धा की अर्ध्याचा पाव हिस्सा, यात गफलत झाली तर तुम्ही शेजाऱ्याच्या शेतात जाऊन उभे राहाल.

एक जाता जाता. त्या मोजणीची साखळी गुंटरची, ६६ फुटांची. आपल्या मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी होती, म्हणजे बरोबर निम्मी. ३३ बाय ३३ फूट म्हणजे आपला एक गुंठा, आणि गुंटरची एक चौरस साखळी म्हणजे चार गुंठे. ज्याने सातबारा वाचलाय त्याला हे आकडे परके वाटायचे नाहीत.

१८१९ की १८२५? दोन्ही खरं असू शकतं. १८२० पर्यंत सरकारी जमीन उधारीवर मिळायची. एकरी किमान २ डॉलर, कमीत कमी १६० एकर. म्हणजे किमान ३२० डॉलर, त्यातले पाव चाळीस दिवसांत आणि उरलेले हप्त्यांनी चार वर्षांत. सनद मिळायची ती शेवटचा हप्ता भरल्यावर, आणि तीही वॉशिंग्टनहून सावकाश. १८१९ च्या मंदीत बऱ्याच जणांचे हप्ते थकले. २४ एप्रिल १८२० च्या कायद्याने उधारी बंद झाली, दर सव्वा डॉलरवर आला आणि ८० एकरही घेता येऊ लागले, म्हणजे शंभर डॉलरांत जमीन. त्यानंतर १८२१ मध्ये आणखी एक सवलत दिली: न परवडणारा भाग सरकारला परत करून भरलेले पैसे उरलेल्या भागाकडे वळवता येत. म्हणून तुमचं १८१९-१८२५ हे अंतर मला तरी उधारीचं वाटतं. पण खात्री सनदेवरून होणार नाही. सनदेच्या कोपऱ्यात अंतिम दाखल्याचा क्रमांक असतो. तो घेऊन वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जकडून त्या खरेदीची फाईल मागवा.

सनदांच्या प्रतिमा ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिसवाल्या संकेतस्थळावर फुकट आहेत. नावाने शोधू नका, आधी टाउनशिप-रेंजने शोधा. पूर्ण टाउनशिपची यादी उतरवून घ्या आणि चौकोनी कागदावर ३६ घरं आखून नावं भरा. निम्मे व्याही-जावई तिथेच दिसतात.

---

तागडी

वरच्या उत्तरात एक भर, कारण लोक इथेच फसतात. सनदांच्या यादीत फक्त सनद मिळालेले लोक असतात. ज्याने १८१९ ला हप्त्याने घेतली आणि १८२१ मध्ये परत केली, किंवा आपला हक्क दुसऱ्याला विकला, त्याचं नाव तिथे येत नाही. तो शोधायचा तर ट्रॅक्ट बुक बघा. त्यात सेक्शननिहाय प्रत्येक अर्ज ओळीने लिहिलेला असतो, रद्द झालेलेसुद्धा. ‘पहिला रहिवासी कोण’ हे सनदांवरून ठरवून छापलेली कितीतरी गावपुस्तकं या एका कारणाने चुकलेली आहेत.

आणखी तीन अपवाद ध्यानात असू द्या.

सेक्शन १६ शाळेसाठी राखीव. त्याची केंद्राची सनद सापडणार नाही. व्यवहार टाउनशिपच्या शाळा-विश्वस्तांकडून.

डेमोपोलिसजवळच्या चार टाउनशिपा, एकूण ९२,१६० एकर, ३ मार्च १८१७ च्या कायद्याने नेपोलियनच्या पाडावानंतर आलेल्या फ्रेंच निर्वासितांना दिल्या होत्या. दर २ डॉलर, मुदत चौदा वर्षं आणि अट द्राक्ष-ऑलिव्ह लावण्याची. ऑलिव्ह काही जगलं नाही. बरेचसे वाटे कापसावाल्या अमेरिकनांनी विकत घेतले. तुमच्या एखाद्या घराण्याच्या खरेदीखताची साखळी अचानक फ्रेंच नावापाशी जाऊन थांबली तर दचकू नका. तो पूर्वज नव्हे, आधीचा धारक.

तिसरं म्हणजे जमीन न घेता आधीच येऊन बसलेले. १८३० पासून अशांना ताब्यातली १६० एकरपर्यंत जमीन लिलावाआधी घेण्याचा हक्क मिळाला. त्या फायलीत ‘हा माणूस अमुक साली इथे शेती करत होता’ अशा शेजाऱ्यांच्या जबान्या असतात. वस्तीची तारीख ठरवायला याहून सरस कागद नाही.

आणि कोणी ‘आमच्या सनदेवर खुद्द अध्यक्ष जॅक्सनची सही आहे’ म्हणून चौकट दाखवली तर तारीख बघा. १८३३ पासून अध्यक्षांच्या वतीने सचिव सही करू लागला.

---

जुनी_वही

मुद्दा ३ घेते, नावांचा.

मराठी माणसाची पहिली चूक मधल्या नावाची. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. इथे या वर्गात मधलं नाव बहुधा आजोळचं आडनाव असतं. ग्रीन्सबरोच्या मॅग्नोलिया ग्रोव्हमध्ये १८७० ला जन्मलेला रिचमंड पिअर्सन हॉब्सन हे नाव बघा. ‘पिअर्सन’ वडिलांकडून आलेलं नाही. आईचे वडील रिचमंड पिअर्सन, नॉर्थ कॅरोलिनाचे मुख्य न्यायमूर्ती, त्यांचं नाव आडनावासकट उचललंय. म्हणून अशी मधली नावं आधी वेगळ्या यादीत काढा. आईच्या माहेराचा तो पहिला सुगावा असतो. पुरावा मात्र नव्हे. एखाद्या डॉक्टरचं किंवा पाद्र्याचं नावही मुलाला देत असत.

सीनियर-ज्युनियर म्हणजे बाप-लेक असं गृहीत धरू नका. त्या काळी एकाच वस्तीत त्याच नावाचे दोघे असले की थोरला सीनियर, धाकटा ज्युनियर. ते काका-पुतणे असतील, चुलतभाऊ असतील, किंवा नात्याचेही नसतील. थोरला वारला की कालचा ज्युनियर उद्याच्या कागदात सीनियर होतो. तुमचा ‘नुसताच’ तिसरा बहुधा याच बदलातला आहे, म्हणजे माणसं तीन नसून दोन असण्याची शक्यता जास्त. सोडवायची रीत अशी: प्रत्येक कागदाला एक ओळ, त्यात तारीख, नाव जसं लिहिलंय तसं, बायकोचं नाव, जमिनीचं सेक्शन-टाउनशिप, साक्षीदार, जामीन. मग ओळी नावाप्रमाणे न लावता जमिनीप्रमाणे लावा. माणसं आपोआप सुटी होतात.

बायकोचं नाव खरेदीखताच्या शेवटी मिळतं. नवऱ्याने जमीन विकली की विधवेच्या वाट्याचा हक्क सोडल्याची तिची कबुली अधिकारी नवऱ्यापासून वेगळं बसवून घेत असे. १८३० ला ‘मार्था’ आणि १८३७ ला ‘एलिझा’ असेल तर दुसरं लग्न, नाहीतर दुसरा माणूस.

शब्दांच्या खोड्याही आहेत. ‘ऑर्फन’ म्हणजे वडील वारलेलं मूल, आई हयात असली तरी. ‘इन्फंट’ म्हणजे २१ च्या आतला कोणीही, वीस वर्षांचा मिशीवाला गडीसुद्धा. ‘कझिन’ हा शब्द पुतण्यालाही लावत. ‘ब्रदर’ चर्चमधला असू शकतो. आणि १८५० च्या आधी प्रोबेटचं काम अलाबामात ‘ऑर्फन्स कोर्ट’च्या नावाने चाले. सूचीत प्रोबेट शोधून काही मिळालं नाही म्हणून परत फिरू नका.

मृत्युपत्र वाचून थांबणं ही सगळ्यात महागडी चूक. मृत्युपत्रात आधी वाटा मिळालेल्या मुलांची नावं गाळलेली असतात, किंवा पाच डॉलरवर आटोपलेली. पूर्ण नातं दिसतं ते इस्टेटीच्या फायलीत: कारभाऱ्याचा जामीनकतबा, मालमत्तेची यादी, लिलावाची पावती, पालकाचा वार्षिक हिशोब, वाटणी, अंतिम निकाल. लिलावात कोणी काय घेतलं ते ओळीने असतं. चुलीची भांडी आणि पलंग घेणारी बाई बहुधा विधवा. अंतिम निकालात लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या आडनावाने आणि ‘टेक्सासला गेलेला’ मुलगा पत्त्यासकट सापडतो.

ऑनलाइन सूची अपुरी वाटली तर फॅमिलीसर्चवरचा फुल-टेक्स्ट शोध वापरा. हस्ताक्षरातली खरेदीखतं आणि प्रोबेटची पुस्तकं त्याने वाचलेली आहेत. पण जुन्या लेखणीतला इंग्रजी जोड ‘स’ (ss) यंत्राला ‘फ्स’ (fs) किंवा ‘प’ (p) वाटतो. ‘जेसी’ (Jesse) न मिळाल्यास ‘जेफ्सी’ (Jefse), ‘जेपी’ (Jepe) टाकून बघा.

---

दप्तर_शोधक

मुद्दा ४ आणि ५ एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्र.

मालक इथे सापडत नाहीत, कारण ते इथे राहतच नव्हते. केनब्रेकमध्ये हे नेहमीचं. व्हर्जिनियातल्या रिचमंड काउंटीतल्या माउंट एअरीच्या टेलो घराण्याने १८३३ पासून तिथले गुलाम इकडे आणून कापसाचे मळे बसवले. भावांपैकी हेन्री टेलो इथे राहिला, विल्यम टेलोचा मुक्काम मुख्यतः तिकडेच. जॉन हार्टवेल कोक याने १८४० मध्ये ब्रेमो या आपल्या व्हर्जिनियातल्या मळ्यावरून ४९ माणसं ग्रीन काउंटीतल्या होपवेल मळ्यावर पाठवली. तो स्वतः व्हर्जिनियाचाच रहिवासी. अशा मालकाचं नाव तिकडच्या जनगणनेत आणि त्याची माणसं इकडच्या यादीत. मधला दुवा हवा असेल तर १८५० ची शेतीची यादी काढा. तिच्या पहिल्या रकान्यात मालक, मुखत्यार किंवा व्यवस्थापक यांपैकी कोणाचंही नाव चालत असे, त्यामुळे मळा कित्येकदा ओव्हरसियरच्या (मळ्यावर देखरेख करणाऱ्याच्या) नावावर मांडलेला असतो. तोच ओव्हरसियर माणसांच्या यादीत शेजारच्या घरात दिसेल. शेतीच्या यादीतली कापसाची गाठ ४०० पौंडांची धरलेली आहे, हे आकडे देताना लिहा.

गैरहजर मालकाचा एक फायदा असतो. तो लांब असल्यामुळे सगळं लिहून ठेवावं लागे. माउंट एअरीच्या वह्यांत १८०८ पासून गुलामांची नाव, वय, काम अशी यादी आहे. त्या रिचमंडच्या व्हर्जिनिया म्युझियम ऑफ हिस्टरी अँड कल्चरमध्ये ठेवलेल्या आहेत. कोकचे कागद शार्लट्सव्हिलला व्हर्जिनिया विद्यापीठात. त्यात होपवेलहून जॉर्ज आणि ल्युसी स्किपविथ यांनी मालकाला लिहिलेली पत्रंही आहेत. दोघंही गुलाम, जॉर्ज मळ्यावरचा मुकादम. म्हणजे अलाबामातल्या घराण्याचं दप्तर व्हर्जिनियात. आधी तिकडचा कॅटलॉग बघा.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट पाहा: मालक कोक, आडनाव स्किपविथ. ‘मुक्त झाल्यावर शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलं’ हा नियम नाहीच. प्रेअरीव्हिलचं सेंट अँड्र्यूज चर्च १८५३-५४ मध्ये बांधणारे सुतार पीटर ली आणि जो ग्लासगो हे हेन्री टेलोचे गुलाम होते. दोघांपैकी एकाचंही आडनाव टेलो नाही. नुसतं मालकाच्या आडनावाने १८७० ची जनगणना चाळलीत तर हे दोघे निसटले असते.

आता नावांपर्यंत जायची वाट.

१८५० आणि १८६० च्या गुलाम-याद्यांत मालकाचं नाव, आणि खाली माणसांचं फक्त वय, लिंग, वर्ण. १८६० मध्ये घरांची संख्या जास्तीची. या याद्यांवरून माणूस ओळखता येत नाही, पण तुम्ही दुसरीकडून काढलेली यादी पडताळता येते, तेवढ्याच कामाच्या.

नावं मालकाच्या इस्टेटीच्या फायलीत. मालक किंवा त्याची आई, सासू, सासरा कोणीही १८६५ पूर्वी वारला असेल तर मालमत्तेच्या यादीत गुरंढोरं आणि नांगराच्या बरोबरीने माणसांची नावं आणि किमती आहेत. वाचताना ओळींची मांडणी जपा. किमती वेगवेगळ्या असल्या तर एकेक माणूस. पण एका बाईच्या नावापुढे ‘आणि मूल’ किंवा दोन-तीन नावांना कंस घालून एकच किंमत असेल, तर ती आई आणि तिची लहान मुलं. कुटुंबाचा हाच काय तो लेखी पुरावा. उतरवून घेताना लोक यादी अक्षरानुक्रमे लावतात आणि हा पुरावा पुसून टाकतात. तसं करू नका. मूळ क्रमांक शेजारी लिहूनच मग काय हवं ते करा.

त्याच फायलीत वाटणी असते: लॉट १, लॉट २, कोणत्या वारसाला कोण. लग्नात मुलीला दिलेली माणसं खरेदीखतांच्या पुस्तकात दानपत्र म्हणून नोंदवलेली असतात. मुलगी लग्न होऊन मिसिसिपीला गेली तर ती माणसंही गेली. १८७० ला ते कुटुंब हेलमध्ये शोधत बसाल आणि ते असेल दुसऱ्याच राज्यात.

मग गुलामगिरी आणि मुक्ती जोडणारा पुलाचा काळ, १८६५ ते १८७०. फ्रीडमेन्स ब्यूरोच्या (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याच्या) मजुरी करारांत मळ्याचं नाव, मालक आणि खाली सह्यांऐवजी फुल्या करणाऱ्यांची नावं असतात. त्यानंतर १८६६ ची राज्याची जनगणना, ज्यात कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुख नावाने आहेत, आणि १८६७ ची मतदार नोंदणी, २१ वर्षांवरील पुरुषांची. मग १८७० ची केंद्राची जनगणना. तिच्यात आधी जुना मालक शोधा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा पानं घरोघर वाचा. इस्टेटीच्या यादीतली पाच-सहा नावं योग्य वयांनिशी आसपास दिसली की जोड जमली. वयात पाच वर्षांचा फरक धरूनच चाला. एकच नाव जुळलं तर ती जोड नव्हे, कारण हेन्री आणि मेरी सगळीकडे असतात.

नातं १८७० च्या नोंदीत लिहिलेलं नसतं. ते १८८० पासून. म्हणून १८७० च्या घरातली मोठी बाई आई की आत्या हे १८८० ची नोंद काढल्याशिवाय छापू नका.

चर्चची नोंदपुस्तकं राहिली. एपिस्कोपल चर्चमध्ये ‘सर्व्हंट’ म्हणून बाप्तिस्म्याची नोंद आणि बाजूला मालकाचं नाव असे. ‘सर्व्हंट’ वाचून नोकर समजू नका.

---

काळी_माती

एक शंका मूळ प्रश्नालाच. पाचही घराणी ‘प्लँटर’ कशावरून? इतिहासकार साधारण वीस किंवा अधिक गुलाम असलेल्याला प्लँटर म्हणतात. जनगणनेतला ‘प्लँटर’ हा शब्द माणसाने स्वतः सांगितलेला, आणि सहा गुलामांचा मालकही तो सांगत असे. प्रत्येक घराण्यापुढे १८३०, १८४०, १८५०, १८६० चे आकडे ठेवा आणि मग शब्द ठरवा. १८२० चा आकडा शोधण्यात वेळ घालवू नका. अलाबामाची त्या वर्षीची केंद्राची जनगणना हरवली आहे. राज्याची त्याच सालची यादी आठच काउंट्यांची उरली आहे आणि ग्रीन त्यात नाही.

‘पहिले रहिवासी’ हेही जपून. ही जमीन १८१४ च्या फोर्ट जॅक्सन तहाने क्रीक आणि १८१६ च्या तहाने चॉक्टॉ या मूळ अमेरिकन लोकांकडून गेली. ‘सरकारकडून जमीन घेणारे पहिले’ एवढंच लिहा, ते बरोबर ठरतं.

मातीबद्दल एक वाक्य पुस्तिकेत हवं. खाली सेल्मा चॉक (खडूसारखा मऊ चुनखडक), वर काळी चिकण माती. आपली रेगूर बेसॉल्टची, ही चुनखडीची, पण पावसात पाय रुतणं आणि उन्हात भेगा पडणं तेच. पाणी वर लागत नाही, खोल बोअर मारावं लागतं. म्हणून सुरुवातीची घरं नदी-ओढ्याकाठी आणि मधल्या प्रेअरीच्या सनदा उशिराच्या. तुमच्या घराण्याची पहिली सनद उघड्या प्रेअरीतली आणि १८२० च्या आधीची निघाली तर सेक्शन क्रमांक पुन्हा तपासा.

---

बांधावरचा

भरपूर मिळालं. टाउनशिपचा कागद आखायला घेतलाय. दोन गोष्टी राहिल्या: मळ्यांवरच्या स्मशानांच्या नोंदी कशा घ्यायच्या, आणि पुस्तिकेत क्रमांक कोणत्या पद्धतीने द्यायचे? दोन घराण्यांत बारा-बारा मुलं आहेत.

---

जुनी_वही

दगड: जमीनमालकाची लेखी परवानगी, मग हिवाळ्यात जा, म्हणजे गवत आणि साप दोन्ही कमी. अक्षरं पुसट असतील तर आरशाने उन्हाची तिरीप कडेने पाडा आणि फोटो घ्या. खडू, दाढीचा फेस, तारेचा ब्रश, ब्लीच यांतलं काही लावू नका. जुना संगमरवर साखरेसारखा सुटतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ‘वय ६३ वर्षं ४ महिने १२ दिवस’ असं कोरलेलं असेल तर जन्मतारीख उलटी काढता येते. पण दगड मृत्यूच्या तीस वर्षांनी बसवलेला असू शकतो. एकाच धाटणीचे चार दगड दिसले तर एकदमच मागवलेले समजा, आणि तारखा इस्टेटीच्या फायलीशी ताडून बघा.

गुलामांची स्मशानं कोरीव दगडांवरून सापडत नाहीत. सीडरची झाडं, जमिनीवर पसरलेली व्हिंका म्हणजे आपल्या सदाफुलीच्या कुळातली वेल, पूर्व-पश्चिम लांबट खळगे आणि उभे रोवलेले साधे दगड, एवढंच असतं. दगड हलवू नका, नुसती जागा जीपीएसवर घ्या.

---

चतुःसीमा

क्रमांक: दाबोव्हिल पद्धत घ्या, मध्ये टिंब असलेली. मूळ पुरुष १, त्याचं तिसरं मूल १.३, त्याचं अकरावं मूल १.३.११. टिंब नसलेल्या हेन्री पद्धतीत दहाव्या मुलापासून अक्षरं किंवा कंस घुसवावे लागतात आणि बारा मुलांच्या घरात वाचणारा हरवतो.

गुलामांच्या घराण्यांना मालकाच्या क्रमांकाखाली पोटहिस्सा म्हणून टाकू नका. त्यांचा सर्वांत जुना नाव सापडलेला माणूस घ्या, स्त्री असली तरी, तिला स्वतंत्र १ द्या आणि दोन्ही वृत्तांतांत सेक्शन-टाउनशिपचा एकमेकांकडे निर्देश करा. जमीन दोघांची एकच, वंशावळी वेगळ्या.

---

तागडी

थोडं विषयांतर, पण मराठी वाचकांना उपयोगी. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा कापूस-प्लँटर पगारावर हिंदुस्थानात आणले. त्यातले काही मुंबई इलाख्यात आले. धारवाडकडे न्यू ऑर्लिन्सचं बियाणं रुजलं ते याच खटाटोपातून. तेव्हा मिसिसिपी-लुइझियानाकडच्या एखाद्या शाखेतला माणूस १८४० च्या सुमारास कागदांतून नाहीसा झाला, तर टेक्सासच्या जोडीने लंडनला ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागदही बघा.